सोनं जागेवर होतं, वाट बंद झाली

दिवाळीला भाचा घरी आला आणि मोबाईल पुढे करून म्हणाला, "मामा, हे बघा, सोनं घेतलं." सोनं ॲपवर घेतलेलं, पडद्यावर आकडा होता ०.४३१२ ग्रॅम. शेजारी आप्पा बसले होते, माझे थोरले चुलते. त्यांची सगळी हयात तमिळनाडूत गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी आटवून देण्याच्या दुकानात, भट्टीसमोर गेली. आप्पांनी आकडा दोनदा वाचला आणि विचारलं, "आन् हे आटवायचं कुठं?"

सगळे हसले. सांगली जिल्ह्यातल्या विटा-खानापूर-आटपाडीकडच्या माणसाची ही खोडच आहे. आमच्या भागातली माणसं केरळपासून काश्मीरपर्यंत गलाईची दुकानं चालवतात. सोनं दाखवलं की 'छान आहे' म्हणण्याआधी आटवल्यावर किती निघेल हा हिशेब डोक्यात सुरू होतो. मी भट्टीवर बसत नाही, अशा दुकानांच्या वह्या लिहितो. म्हणून आप्पांचा प्रश्न मला हसण्यावारी नेता आला नाही. खात्यावर दिसणारं सोनं आणि हातात येणारं सोनं यांच्यामध्ये नेमकं काय असतं?

याचं सगळ्यात सविस्तर उत्तर अमेरिकेतल्या एका जुन्या प्रकरणात मिळतं. ज्यांनी 'डिजिटल गोल्ड' हा शब्द पहिल्यांदा मोबाईलवर वाचला, त्यांना ते ठाऊक असण्याचं कारण नाही. तेव्हा असे मोबाईलच नव्हते.

डॉक्टर आणि त्याची खतावणी

डग्लस जॅक्सन हा फ्लोरिडा राज्यातल्या मेलबर्न गावचा कर्करोगतज्ज्ञ. ऑस्ट्रेलियातलं मेलबर्न वेगळं, हे त्याच नावाचं लहान गाव. सरकारं मनाला येईल तशा नोटा छापतात, पैशाची किंमत घसरत राहते, तेव्हा व्यवहार पुन्हा सोन्यातच व्हायला हवा, असं त्याचं ठाम मत. असं मत असणारे अमेरिकेत पुष्कळ असतात. जॅक्सनने मात्र १९९६ मध्ये बॅरी डाउनी या वकिलाला सोबत घेऊन ते प्रत्यक्षात आणलं. 'ई-गोल्ड' हे त्याचं नाव. काम पाहणारी 'गोल्ड अँड सिल्व्हर रिझर्व्ह' ही कंपनी अमेरिकेत होती. पुढे 'ई-गोल्ड लिमिटेड' अशी वेगळी कंपनी कॅरिबियन समुद्रातल्या नेव्हिस बेटावर नोंदवली.

सोन्याने व्यवहार करायचा तर अडचण काय असते, हे सोनाराला विचारा. पाव ग्रॅम सोनं द्यायचं म्हणजे तोडायचं कसं? तोडलं तर प्रत्येक वेळी वजन करा, कस पाहा, पुन्हा समोरच्याचा विश्वास बसायला हवा. शिवाय माणूस जर्मनीत असेल तर पोचवायचं कसं? जॅक्सनने धातूला हातच लावला नाही. सोन्याच्या विटा लंडन आणि दुबईच्या तिजोऱ्यांत पडून राहायच्या, त्यांची मालकी खातेदारांच्या हितासाठी केलेल्या एका विश्वस्त व्यवस्थेकडे, आणि बदलायची ती फक्त खतावणीतली नोंद. माझ्या खात्यावर १० ग्रॅम आहेत, मी तुम्हाला पाव ग्रॅम दिलं, की माझे ९.७५ आणि तुमचे ०.२५. तिजोरीतल्या विटेला याची खबरही नाही. अगदी ग्रॅमच्या दहा हजाराव्या भागापर्यंतची रक्कम देता येई. चांदी, प्लॅटिनम आणि पॅलेडियमचीही अशीच खाती होती.

वही लिहिणारा म्हणून मला यातल्या दोन गोष्टी आवडल्या. पहिली, दिलेलं परत फिरवता येत नसे. क्रेडिट कार्डाने विकणाऱ्या व्यापाऱ्याला महिन्याभराने 'ग्राहकाने पैसे परत मागितले' असं पत्र येण्याची धास्ती असते, ती इथे नव्हती. दुसरी, संकेतस्थळावर 'एक्झॅमिनर' नावाचं पान होतं. त्यावर सगळ्या खात्यांवर मिळून किती सोनं देणं आहे आणि तिजोरीत कोणत्या क्रमांकाच्या किती विटा आहेत, हे कोणालाही पाहता येई. आजच्या कितीतरी ॲपवाल्यांपेक्षा ही शिस्त बरी म्हणावी लागेल. सांभाळणावळ म्हणून वर्षाला एक टक्का कापला जाई, तोही सोन्यातच. म्हणजे दहा ग्रॅम ठेवून दहा वर्षं झोपलात तर उठल्यावर साधारण ९.०४ ग्रॅम.

आता त्या विटा. लंडनच्या बाजारात चालणारी वीट सुमारे ४०० ट्रॉय औंसांची, म्हणजे साडेबारा किलोच्या आसपास. २००६ च्या सुमारास ई-गोल्डकडे साधारण साडेतीन टन सोनं होतं, तेव्हाच्या भावाने ७.१ कोटी डॉलरचं. विटांच्या हिशेबात पावणेतीनशेच्या वर काही. तेवढ्या सोन्यावर वर्षाला २०० कोटी डॉलरहून जास्त उलाढाल होत होती. भागाकार केला तर प्रत्येक ग्रॅम वर्षात अठ्ठावीस वेळा हात बदलत होता, जागचा न हलता. खात्यांची संख्या पुढे पन्नास लाखांवर गेली. त्यातली बरीच रिकामी किंवा नावापुरती असणार, पण सरासरी काढली तर खात्यामागे पाऊण ग्रॅमही येत नाही.

सारं प्रकरण या सरासरीत आहे. सोनं साडेबारा किलोच्या तुकड्यांत आणि मालक पाऊण ग्रॅमचे. सामान्य खातेदार आपलं सोनं सोनं म्हणून बाहेर काढूच शकत नव्हता. त्याला बाहेर पडायची वाट एकच: मधल्या बदलून देणाऱ्यांना खात्यावरचं सोनं द्यायचं आणि डॉलर घ्यायचे. असे स्वतंत्र व्यावसायिक जगभर होते, आणि जॅक्सनच्या कंपनीची स्वतःची 'ओम्निपे' ही सेवाही होती.

मिकी माऊसचं खातं

खातं उघडायला लागे एक ईमेल पत्ता. नाव विचारत, पण ते खरं आहे का हे पाहत नसत. सरकारी वकिलांनी पुढे दाखवलं की 'मिकी माऊस' नावाचीही खाती होती. परत न फिरणारे व्यवहार, जगभर चालणारे, नाव न तपासणारे. याचा वास कोणाला आधी लागणार, हे सांगायला नको. महिन्याला दामदुप्पट देणाऱ्या फसव्या गुंतवणूक योजनांनी ई-गोल्ड उचललं. चोरलेल्या कार्डांचे क्रमांक विकणाऱ्या टोळ्यांनीही उचललं. २००४ मध्ये अमेरिकी सीक्रेट सर्व्हिसने 'शॅडोक्रू' नावाचा असा अड्डा उधळला, तिथेही हे चलन चालत होतं. खातेदारही नाडले जात होते. खोटं पान दाखवून पासवर्ड काढून घेण्याची जी तऱ्हा आज आपल्या आजीलाही माहीत झाली आहे, तिच्या अगदी पहिल्या प्रयोगांपैकी एक २००१ मध्ये ई-गोल्डच्याच गिऱ्हाइकांवर झाला.

जॅक्सन चोर नव्हता, हे मला कागदपत्रांवरूनच वाटतं. त्याच्या खतावणीतली एकही नोंद पुसली जात नसे. कोणी कोणाला कधी किती दिलं, सगळं कायम. गुन्हेगार इथे आले तर आपणच आपला माग ठेवून जातील, असं तो धरून चालला होता. पुढे त्याने स्वतः त्या नोंदी उकरून तपास यंत्रणांना संशयित शोधून दिलेही. पण दारावर नाव न विचारता आत घ्यायचं आणि नंतर पायाचे ठसे दाखवायचे, हे कोणत्याही पेढीवाल्याला पटणार नाही. आमच्या दुकानात मोड, म्हणजे आटवायचे जुने दागिने, घेऊन आलेल्या अनोळखी माणसाला आप्पा आधी बसवायचे, चहा द्यायचे, गाव विचारायचे. चोरीचा माल घेतला तर पोलीस भट्टी विझवून जातात, ही भीती त्या चहात असे.

डिसेंबर २००५ मध्ये एफबीआय आणि सीक्रेट सर्व्हिसने जॅक्सनच्या कचेरीवर आणि घरावर छापा घातला. एप्रिल २००७ मध्ये वॉशिंग्टनच्या संघीय न्यायालयात आरोपपत्र आलं. दोन्ही कंपन्या, डग्लस जॅक्सन, त्याचा भाऊ रीड आणि बॅरी डाउनी हे आरोपी. आरोप दोन तऱ्हांचे: काळा पैसा पांढरा करण्याचा कट, आणि परवाना न घेता पैसे पोचवण्याचा धंदा.

त्या आरोपपत्रात एक गोष्ट नव्हती. तिजोरीत सोनं कमी आहे, असं कोणीही म्हटलं नव्हतं.

बचावाचा मुद्दा ऐकण्यासारखा होता. आम्ही डॉलर घेतच नाही, देतही नाही. नोट नाही, नाणं नाही, मग आम्ही 'पैसे पोचवणारे' कसे? न्यायाधीश रोझमेरी कॉलियर यांनी मे २००८ मध्ये तो फेटाळला. मोल एकाकडून दुसऱ्याकडे पोचवलं की धंदा तोच, मग रोकड असो वा नसो. त्यात ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर आलेल्या पॅट्रियट कायद्याने आणखी एक पळवाट बंद करून टाकली होती: राज्याचा परवाना लागतो हे मला माहीत नव्हतं, ही सबब आता चालत नव्हती.

जुलै २००८ मध्ये सगळ्यांनी गुन्हा कबूल केला. २० नोव्हेंबरला शिक्षा झाली. जॅक्सनला वीस वर्षांपर्यंत तुरुंग होऊ शकत होता. मिळाली ३०० तास समाजसेवा, २०० डॉलर दंड आणि तीन वर्षांची देखरेख, त्यातले सहा महिने घरातच कैद. कंपन्यांना ३ लाख डॉलर दंड झाला. एवढी सौम्य शिक्षा पाहून न्यायालयाला त्याचा हेतू गुन्हेगारी वाटला नव्हता हे दिसतंच. शिक्षेच्या तीन आठवडे आधी, ३१ ऑक्टोबरला, बिटकॉइनचा मूळ निबंध इंटरनेटवर आला होता. त्यात तिजोरी नव्हती, कंपनी नव्हती आणि छापा घालायला पत्ताही नव्हता.

खातेदाराचं काय झालं

बातम्या जॅक्सनच्या झाल्या. मला रस आहे तो ज्याचे ४० ग्रॅम खात्यावर होते आणि ज्याने कोणाचं काही चोरलं नव्हतं, त्या माणसात.

पहिला फटका आरोपपत्रासोबतच बसला. सरकारने ५८ खाती गोठवायला लावली. त्यांत बदलून देणाऱ्या काही व्यावसायिकांची खाती होती, म्हणजे बाहेर पडायच्या वाटाच. आणि '१एमडीसी' नावाच्या एका सेवेचीही. ही गंमत समजून घेण्यासारखी आहे. १एमडीसी हेही डिजिटल सोनंच होतं, पण त्याच्यामागे वीट नव्हती. मागे होतं ई-गोल्डचं खातं. पावतीवरची पावती. मुळातली पावती गोठली, तेव्हा वरच्या पावतीवर उभे असलेले सगळे एका दिवसात रस्त्यावर आले.

कबुलीनंतर कंपनीने रीतसर परवाने काढून धंदा चालू ठेवायचा, असं ठरलं होतं. पण राज्याराज्यातला परवाना मागणारा माणूस आता शिक्षा झालेला गुन्हेगार होता. परवाना कोण देणार? २००९ मध्ये व्यवहार थांबले. सोनं तिजोरीत, नोंद खतावणीत, आणि दोघांना जोडणारा माणूस कायद्याने हात बांधून उभा. पुढे खात्यांवरच्या सोन्याचं मोल डॉलरमध्ये करून न्यायालयाच्या देखरेखीखाली वाटायची योजना आखली गेली. खातेदारांकडून दावे मागवले गेले ते २०१३ मध्ये. आरोपपत्रापासून सहा वर्षं. ओळख पटवून द्यायची, दावा भरायचा, आणि हातात यायचे ते डॉलर. ज्याने डॉलरवरचा विश्वास उडाला म्हणून सोनं घेतलं होतं, त्याला शेवटी त्या डॉलरचाच धनादेश.

मधल्या काळात सोन्याचा भाव कुठे गेला ते आठवा. २००७ च्या वसंतात औंसाला सातशे डॉलरच्या आत होता, सप्टेंबर २०११ मध्ये १९०० च्या घरात. ज्याला त्या तेजीत विकायचं होतं, किंवा नुसतं मुलीच्या लग्नासाठी काढायचं होतं, त्याला काहीच करता आलं नाही. तो कोणा चोराला शिव्याही देऊ शकत नव्हता, कारण चोरी झालीच नव्हती.

भट्टीसमोर

आता दुसरी बाजू, आणि ती मला जवळून माहीत आहे.

एकदा आप्पांच्या दुकानात एका सराफाने एका बाईच्या चार बांगड्या मोडीत पाठवल्या. वजन ४८ ग्रॅम ४०० मिली, म्हणजे मिलिग्रॅम. बावीस कॅरट म्हणून घेतलेल्या, बिल हरवलेलं. बावीस म्हणजे ९१.६ टक्के, त्या हिशेबाने चोख सोनं ४४ ग्रॅमच्या थोडं वर भरायला हवं. आप्पांनी बांगड्या मुशीत घातल्या, चिमूटभर सवागी (टाकणखार) टाकली, आच वाढवली. सवागी फसफसून मळ वर घेते, आणि खाली सोनं एका क्षणी थरथरतं, मग आरशासारखं स्थिर होतं. साच्यात ओतलं. निघालेली लगड ४७ ग्रॅम ९५० मिली. साडेचारशे मिली कुठे गेले? मळ, घाम, नक्षीत अडकलेली हळद-कुंकू. तिचा टंच, म्हणजे शुद्धता, काढला तर ८८.५ टक्के. कड्यांना दिलेला डाक (सांधा जोडायचा हलका धातू) वितळून सगळ्या सोन्यात मिसळला होता, आणि मूळ सोनंही बहुधा पुरतं बावीस नव्हतं. चोख किती? ४२ ग्रॅम ४४० च्या आसपास. जवळजवळ एक ग्रॅम नऊशे मिलीची तूट, शिवाय खरेदीच्या वेळी दिलेली मजुरी पाण्यात गेली ती वेगळीच.

हातातल्या सोन्याची किंमत ही अशी चुकवावी लागते. ई-गोल्डच्या विटेबद्दल असा संशय कधी कोणी घेतला नाही. आता हॉलमार्क आणि सहा अक्षरी एचयूआयडी या ओळख क्रमांकामुळे बावीसच्या नावाखाली वीस खपवणं अवघड झालं आहे, तरी मजुरी आहेच, ३ टक्के जीएसटी आहे, आणि विकताना घट आहे. घरात ठेवा तर चोराची भीती. लॉकरमध्ये ठेवा तर रिझर्व्ह बँकेच्या २०२२ पासूनच्या नियमाने चोरी, आग किंवा कर्मचाऱ्याच्या फसवणुकीत बँकेची जबाबदारी वर्षाच्या भाड्याच्या शंभरपट एवढीच. भाडं तीन हजार, तर भरपाई तीन लाखांपर्यंत. २०२५ मध्ये दहा ग्रॅमचा भाव लाखाच्या वर गेला, म्हणजे त्यात तीन तोळेही बसत नाहीत.

पण त्या बांगड्यांबद्दलचं सगळं खरं अर्ध्या तासात कळलं, आणि पैसे त्याच संध्याकाळी मिळाले. कोणाचं सर्व्हर, कोणाचा परवाना, कोणाचं आरोपपत्र यांच्याशी त्या बाईला देणंघेणं नव्हतं. तूट मोठी होती, पण मोजता येत होती. ई-गोल्डच्या खातेदाराची तूट काही वर्षं सांभाळणावळीच्या एका टक्क्याएवढीच होती, आणि मग एका सकाळी सगळंच अडकलं.

म्हणून हातातलं सोनं सरकारच्या आवाक्याबाहेर असतं, असं कोणी म्हणू लागलं की मात्र मी त्याला थांबवतो. ५ एप्रिल १९३३ ला अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी नागरिकांना सोन्याची नाणी आणि विटा सरकारजमा करायला लावल्या, औंसाला २०.६७ डॉलर देऊन. पुढच्या जानेवारीत भाव ३५ डॉलर ठरवला. आपल्याकडे जानेवारी १९६३ मध्ये मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रण आलं, चौदा कॅरटहून चोख दागिना घडवायला बंदी झाली आणि सोनारांच्या चुली विझल्या. १९६८ च्या कायद्याने सामान्य माणसाला लगड-बिस्कीट बाळगणंच गुन्हा ठरवलं. दागिना चालेल, लगड नाही. ज्यांचा धंदाच दागिन्याची लगड करण्याचा, त्यांनी ती वर्षं कशी काढली, हे आप्पा आजही मोकळेपणाने सांगत नाहीत. तो कायदा १९९० मध्ये मधू दंडवते अर्थमंत्री असताना गेला. एवढं मात्र खरं, की सरकारला तेव्हा घराघरात जावं लागत होतं, आणि देशभरातल्या पेट्या उघडून पाहणं कोणालाच जमलं नाही. ई-गोल्डसाठी एक कचेरी आणि एक घर पुरलं.

मुंबईतलं ई-गोल्ड

नाव तेच, धंदा वेगळा. शेतमाल आणि धातूंचे सौदे चालवणाऱ्या मुंबईच्या नॅशनल स्पॉट एक्स्चेंजने २०१० मध्ये 'ई-गोल्ड' हे एक ग्रॅमचं युनिट आणलं. डीमॅट खात्यात जमा व्हायचं, हवं तर प्रत्यक्ष धातू मागता यायचा. मग ई-सिल्व्हर आणि इतर धातू आले. ३१ जुलै २०१३ ला एक्स्चेंज कोसळलं. कारण होतं शेतमाल, साखर, पोलाद यांचे दुहेरी सौदे (आज घ्यायचं आणि काही दिवसांनी तेच परत विकायचं), ज्यांत गोदामात मालच नव्हता. सुमारे १३,००० गुंतवणूकदारांचे ५,६०० कोटी रुपये अडकले. ती बातमी सगळ्यांना आठवते. ई-गोल्डवाले कोणाला आठवत नाहीत, कारण त्यांचा धातू तिजोरीत होता. तरीही एक्स्चेंजचं दार बंद झालं तेव्हा त्यांचे व्यवहारही थांबले, आणि धातू किंवा पैसे हाती येईपर्यंत महिनोन्‌महिने गेले. दोष शेजारच्या खोलीत होता, पण वाडा एकच.

याच्या उलट सार्वभौम सुवर्ण रोखे पाहा. त्यांच्यामागे सोन्याची एकही वीट ठेवलेली नाही. नुसतं सरकारचं वचन. नोव्हेंबर २०१५ ची पहिली मालिका ग्रॅमला २,६८४ रुपयांनी विकली होती, ती नोव्हेंबर २०२३ मध्ये ६,१३२ रुपयांनी परत घेतली, वर दरवर्षी पावणेतीन टक्के व्याज. ज्याच्यामागे सोनं होतं ते अडकलं, आणि ज्याच्यामागे नव्हतं ते दिवस न चुकवता फिटलं. आप्पांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "मग ते सोनं न्हाई, सरकारी ठेव हाय." बरोबरच आहे. भाव चढल्यावर सरकारलाही ही ठेव जड झाली, फेब्रुवारी २०२४ नंतर नवी मालिका आलेली नाही.

भाच्याच्या ॲपमधलं सोनं या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी बसतं. मागे खरी तिजोरी आहे, विश्वस्त आहे, असं सांगितलं जातं आणि मोठ्या नावांच्या बाबतीत ते असतंही. पण नोव्हेंबर २०२५ मध्ये शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने जाहीर सावधगिरीचा इशारा दिला की हे 'डिजिटल गोल्ड' आपल्या देखरेखीखाली येत नाही. तो रोखाही नाही आणि नियमन असलेला वायदाही नाही. जॅक्सनला परवाना नसल्याबद्दल पकडलं होतं. इथे कोणता परवाना घ्यायचा हेच ठरलेलं नाही. सेबीने सोन्याच्या इलेक्ट्रॉनिक पावत्यांची रीतसर सोय केली आहे, शेअर बाजारात त्या २०२२ पासून आहेत, पण माझ्या ओळखीत एकाकडेही नाहीत.

बिटकॉइनवाल्यांनीही फिरून सोनं गाठलं. 'पॅक्स गोल्ड' या टोकनामागे (बिटकॉइनसारखंच इंटरनेटवरचं नाणं) लंडनच्या तिजोरीतला एक ट्रॉय औंस असतो, आणि ते न्यूयॉर्क राज्याच्या परवानगीने सुरू झालं. जॅक्सनला जे हवं होतं, ते जवळजवळ तेच, परवान्यासकट. फक्त टोकनाच्या कोडमध्येच गोठवण्याची सोय लिहिलेली आहे. न्यायालयाचा आदेश आला की छापा घालायलाही जावं लागणार नाही.

मी भाच्याला हे सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, बाहेर काढून दाखव. त्याने पाहिलं तर सगळ्यात लहान नाणं एक ग्रॅमचं होतं. मग ०.४३१२ बाहेर काढण्यासाठी त्याला आणखी ०.५६८८ घ्यावं लागलं, वर नाण्याची घडणावळ आणि पोचवायचा खर्च. आठवड्याभराने कुरिअर आलं. कार्डात बंद केलेलं, नखावर बसेल एवढं नाणं.

आप्पांनी कसोटीचा दगड आणला. भाचा म्हणाला, "आजोबा, पाकीट फोडू नका. फोडलं की परत घेताना कापतात." आप्पांनी पाकीट दिव्याखाली उलटंसुलटं करून पाहिलं, तसंच काट्यावर ठेवलं, मग प्लास्टिकचं वजन किती असेल याचा अंदाज बांधत बसले. गुढीपाडव्याला ते देव्हाऱ्यात ठेवलं. अजून तिथेच आहे, न फोडलेलं.